नवा फ्रिज आत बसला

४ तारीख, सोमवार

आज माझ्या हातून फ्रिज मेला.

आत्यानं सांगितलं होतं की दार उघडं ठेव, बर्फ सुटेल तसतसं पुसून घे. पण सकाळी पाठवलेला मेसेज तिनं वाचला होता आणि उत्तर नव्हतं. अशा वेळी मला बर्फ वितळायची वाट बघवत नाही. स्क्रूड्रायव्हर घेऊन खरवडायला लागलो. एक घाव आतल्या पत्र्याला बसला आणि सायकलच्या ट्यूबसारखा फुस्स आवाज आला. मी बराच वेळ त्या भोकावर अंगठा दाबून बसलो होतो. कशासाठी, ते मलाही माहीत नाही.

(तिनं म्हणजे कॉलेजातल्या तिनं. नाव लिहीत नाही. या बोटीवर कुलूप लागेल असा एकही खण नाही आणि मेजर चहाची पूड शोधताना कुठेही हात घालतो.)

मेजर म्हणजे आमचा इंजिनवाला. सैन्यात कधी नव्हता, नुसत्या मिशा आहेत. डोकावून म्हणाला, "काय कॉलेजकुमार, आज प्रॅक्टिकल होतं वाटतं."

मी म्हणालो, तुम्ही तुमचं इंजिन बघा. आवाज चढलाच. आत्या शिडी चढून आली. बोट खालून रंगवायला जमिनीवर घेतलीय, लाकडी टेकूंवर उभी आहे, डोलकाठीसुद्धा उतरवून बाजूला आडवी ठेवलीय, त्यामुळे सध्या घरात शिरायलाही शिडी.

"काय झालं?"

"पत्र्याला भोक पडलं."

"आपोआप?"

"नाही."

"बरं," म्हणाली आत्या आणि परत खाली गेली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

फ्रिजवाला आला, वास घेतला आणि म्हणाला, आता याचा कपाट म्हणून उपयोग करा.

संध्याकाळी तिचं उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवतो: "१७ तारखेला, रविवारी, तुमची बोट मिळेल का? दोन्ही घरची मिळून आठ जण. केक मी आणीन, फ्रिज आहे ना? नीट जमव प्लीज. माझ्यासाठी खूप महत्त्वाचं आहे."

माझ्यासाठी. हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की अक्षरं सुटी सुटी दिसायला लागली. दोन्ही घरची म्हणजे आजोळची आणि इकडची असणार. जगात इतक्या बोटी असताना एखादी मुलगी आपली सगळी माणसं मी काम करतो त्याच बोटीवर का आणते? मला काही कळतच नाही असं कुणी समजू नये.

"फ्रिज आहे," मी लिहिलं.


५ तारीख, मंगळवार

आत्या म्हणाली, ट्रिप घेऊ, फ्रिज सुताराकडून बसवून घेऊ. मी म्हणालो, मोडला मी, बसवणार मी.

"हौस आहे?"

"जबाबदारी आहे."

"अरे वा." तिनं रंगाचा ब्रश खाली ठेवला. "मग ऐक. बोट शुक्रवारी पाण्यात जाईल, डोलकाठी चढेल. एक दिवस तिला अंग टाकू दे. मग माप घे."

"माप ते माप, आत्या. जमिनीवर काय आणि पाण्यात काय."

"झोपलेल्या माणसाच्या शर्टाचं माप घेतोस का तू?"

मी वाद घातला नाही. (घातला. पण थोडाच.)

जुना फ्रिज काढतानाच अर्धा जीव गेला. बोटीवरच्या स्वयंपाकघराला गॅली म्हणतात, पण एवढ्याशा जागेला वेगळं नाव ठेवायची तरी काय गरज होती? मध्ये उभा राहून हात पसरले की एका तळव्याला शेगडी लागते, दुसऱ्याला संडासाची भिंत. फ्रिजची खोबण जिन्याच्या पायथ्याशी. एका बाजूला संडासाची भिंत, दुसऱ्या बाजूला पांढरा पत्रा ठोकलेली कपाटाची जाड कड. दार काढलं, बिजागऱ्या काढल्या, फ्रिज तिरका केला, मेजर वरून ओढतोय, मी खालून ढकलतोय. मध्येच मेजरला शिंक आली. तेवढा वेळ सगळा फ्रिज माझ्या छातीवर होता आणि मी तिचा विचार करत होतो.

दुकानात त्या मापाच्या जवळपासचा एकच शिल्लक आहे. शनिवारपर्यंत थांबलो तर जाईल. म्हणून मी आजच माप घेतलं आणि सांगून टाकलं. मोकळी खोबण, टेप, पेन्सिल. यात चुकण्यासारखं काय आहे?


८ तारीख, शुक्रवार

बोट पाण्यात गेली. क्रेननं डोलकाठी उचलून छपरावरच्या तिच्या बैठकीत उभी केली. चारी बाजूंच्या तारा आत्यानं स्वतः आवळल्या. तारांना बोटानं टिचकी मारून ऐकते, वैद्य छाती ऐकतो तशी.

पाण्यात उतरल्यावर बोट रात्रभर कण्हत असते. लाकूड पाणी पितं, फुगतं, म्हणे जागेवर बसतं. मला झोप नव्हतीच.

बाबांचा फोन आला होता. कॉलेजला परत घेतील म्हणाले, फक्त माफीचा अर्ज द्यायचा. मी कसला अर्ज देतोय. तो मुलगा तिच्याबद्दल जे बोलला ते ऐकून जो हात उचलणार नाही तो माणूस नव्हे. तेव्हा ती मला म्हणाली होती, "तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?" किती काळजी होती त्या आवाजात.


९ तारीख, शनिवार

फ्रिज आला. जिन्यातून उतरला, ओरखडाही नाही. आणि खोबणीच्या तोंडाशी अडकला.

खालचा भाग आत जातो, वरचा जात नाही. वरचा उजवा कोपरा करंगळीच्या जाडीनं अडतोय. पुन्हा माप घेतलं. मंगळवारची खोबण चौकोनी होती, आजची नाही. कपाटाची कड वर आत झुकलीय. बोट तीच, टेप तोच, मीही तोच.

मेजर जिन्यावर बसून चहा पीत होता. "पोट पुढे आलं असेल तिचं," म्हणाला. "पाण्यात गेल्यावर सगळ्यांचंच येतं."

आत्या गावात गेलीय, सोमवारी सकाळी येईल. तोपर्यंत हा अडकलेला फ्रिज तिला दिसता कामा नये. दुकानदार परत घेणार नाही, मी विचारलं. जरा जोरातच विचारलं, म्हणून असेल.


१० तारीख, रविवार

झालं. बसला. तळहाताला फोड आलेत, पण बसला.

संडासाची भिंत पातळ आहे, तिच्यातून पाण्याची नळी जाते, तिला हात लावता येत नाही. म्हणून उजवी कड धरली. पांढरा पत्रा काढला तर आत हे एवढं लाकूड. माझ्या मांडीएवढं जाड, काळपट, गाठ नसलेलं. एका कपाटाच्या कडेला इतकं लाकूड. जुन्या लोकांकडे झाडं फुकट होती, दुसरं काय. करवतीनं दोन काप घेतले आणि मधलं पटाशीनं काढलं. लोखंडासारखं लागत होतं. कोपऱ्यापुरतं काढून भागलं असतं, पण फ्रिजवाल्यानं सांगितलं होतं की मागे-बाजूला हवा खेळली पाहिजे, नाहीतर हाही मरेल. म्हणून आणखी आत गेलो. निम्म्याच्या पुढेच गेलो असेन. वरपासून खाली नाही, फ्रिजच्या वरच्या भागापुरतंच.

मग पत्रा परत ठोकला. बाहेरून काही कळत नाही.

मेजर बंदरावर पत्ते खेळायला गेला होता. येऊन बघतो तर फ्रिज जागेवर, आत दिवा, पाण्याच्या बाटल्या गार. तो नुसता मिशीवरून हात फिरवत राहिला. माझ्या आयुष्यात कॉलेज सुटल्यापासून पहिल्यांदा काहीतरी पूर्ण झालंय.

तिला फोटो पाठवला. तिनं अंगठा पाठवला.


११ तारीख, सोमवार

आत्या आली. फ्रिज उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. "तू केलंस?" म्हणाली. "एकट्यानं?" पाठीवर थाप मारली. ती थाप अजून पाठीवर आहे.

संध्याकाळी म्हणाली, तारा सैल पडल्यात. शुक्रवारी तर आवळल्या होत्या. पुन्हा आवळल्या. मी गॅलीत भांडी घासत होतो, तेव्हा फ्रिजच्या बाजूनं कट् असा आवाज आला, सुकी फांदी पायाखाली यावी तसा. नवीन वस्तू जागा धरते, तेव्हा असं होत असेल.


१३ तारीख, बुधवार

ती आली होती. बोट बघायला.

मी कालच केस कापून ठेवले होते. निळा शर्ट. कॉलेज संपवून ती आता नोकरी करते, तिथल्या ऑफिसातला एक चष्मेवाला तिला गाडीनं सोडायला आला होता. बिचारा उन्हात कशाला थांबेल, म्हणून मीच त्यालाही वर बोलावलं. फार प्रश्न विचारतो. लाइफ जॅकेटं किती, म्हाताऱ्या माणसांना चढायला काय, कुणाला उलटी आली तर काय. तिच्या आजीच्या गुडघ्याचीसुद्धा त्याला काळजी. काही माणसं जन्मतःच मॅनेजर असतात.

तिला गॅली दाखवली. फ्रिज दाखवला. ती जिन्यात बसून म्हणाली, "ऐक ना, तुला एक सांगायचं होतं. आधीच सांगायला हवं होतं खरं तर."

माझ्या कानात रक्त वाजायला लागलं. वरून चष्मेवाला विचारत होता की शिडीला कठडा आहे का. अशा गोंधळात नको. मी म्हणालो, "रविवारी सांग. सगळ्यांसमोर सांग."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुला माहितीये?"

"मला सगळं माहितीये," मी म्हणालो.

"आणि तुला चालेल?"

"मला चालेल?" मला हसूच आलं. तिचेही डोळे भरून आले. म्हणाली, "तू फार चांगला आहेस रे. मी उगाच घाबरत होते."

जाताना तिनं माझा हात दाबला. चष्मेवाल्यानंही हात मिळवला, वर धन्यवाद म्हणाला. कशाबद्दल कोण जाणे.

आत्यानं आज पुन्हा तारा आवळल्या. तोंड वाकडं करून वर बघत होती. "कालपर्यंत ठीक होत्या. पाणी पिऊन लाकूड फुगतं, ही बाई बारीक होत चाललीय."


१४ तारीख, गुरुवार

नीट क्रमानं लिहितो.

सकाळी छप्पर धूत होतो. नेहमी पाणी दोन्ही बाजूंना ओघळून जातं. आज डोलकाठीच्या बुडाशी साचलं. कापडानं ढकललं, पुन्हा तिथेच आलं. बशीएवढं तळं. मी उकिडवा बसून त्याच्याकडे बघत राहिलो. पाणी साचतं म्हणजे तिथे खोल आहे. खोल आहे म्हणजे छप्पर बसलंय.

खाली गेलो. डोलकाठी छपरावर जिथे उभी आहे तिच्या बरोबर खाली काय येतं? जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, हातानं अंदाज घेतला. बरोबर खाली येतो फ्रिज. फ्रिज नाही, त्याची उजवी कड.

शेगडीखालची फळी काढली, टॉर्च घेतली, पोटावर झोपलो. ती कपाटाची कड नाही. ती कपाट संपतं तिथे संपत नाही. फरशीतून खाली जाते, थेट बोटीच्या कण्यावर जाऊन टेकते. वर छपराच्या तुळईला भिडते. तो खांब आहे. डोलकाठीचा, तारांचा, शिडात वारा भरला की येणाऱ्या जोराचा, सगळा भार त्या खांबावरून कण्यात उतरतो. आणि मी त्याची कंबर कापलीय.

पांढरा पत्रा थोडा उचकटून बघितला. कापाच्या कोपऱ्यातून एक चीर निघालीय. खाली चाललीय.

आवळल्या तारा सैल का पडतात, ते आता मला कळलं. आत्या वरून जितकं आवळते तितकी डोलकाठी खाली दबते. ती रोज थोडी थोडी बोटीच्या पोटात शिरतेय आणि आत्या तारांचे स्क्रू फिरवून तिला मदत करतेय.

दुपारी संडासाचं दार लागेना. आत्या म्हणाली, थोडा रंधा मार. मी मारला. दुसरं काय करणार?


१५ तारीख, शुक्रवार

सांगायचं ठरवून तीन वेळा आत्यासमोर उभा राहिलो. पहिल्यांदा ती फोनवर होती. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "रविवारी तूच शीड लाव. येतं तुला आता." तिसऱ्यांदा मी म्हणालो, "आत्या, आपण रविवारी नुसतं इंजिनवर गेलो तर?"

"का?"

"म्हातारी माणसं आहेत. बोट कलली तर घाबरतील."

"लोक शीड बघायला येतात, राजे. धूर त्यांच्या घरापुढच्या रस्त्यावर पण मिळतो." मग माझ्या कपाळाला हात लावला. "ताप आहे का तुला? डोळे बघ."

सांगितलं तर ट्रिप रद्द. नवा खांब म्हणजे डोलकाठी पुन्हा उतरवायची, फ्रिज बाहेर, महिना जाईल. ती दुसरी बोट बघेल. जे ती रविवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे ते दुसऱ्याच कुठल्या तरी बोटीवर, मी नसताना? आणि आत्या? ज्या बाईनं मला घरच्यांनी हाकलल्यावर एका शब्दानं न विचारता अंथरूण दिलं, तिची बोट मी फ्रिजसाठी कापली.

आत्या आणि मेजर डिझेल आणायला गेल्यावर खांबाच्या मोकळ्या बाजूनं एक फळी लावून लांब स्क्रू मारले. कापलेल्या जागेत लाकडाचा तुकडा ठोकून बसवला. हलत नाही. बरंच बरं वाटलं.


१६ तारीख, शनिवार

फळी वाकलीय. एका रात्रीत. स्क्रूचं डोकं लाकडात बुडालंय. आणि बोट तर धक्क्याला बांधलेली आहे, शीडही नाही, वाराही नाही.

फ्रिज भरला. सरबताच्या बाटल्या, चीज, फळं, केकसाठी मधला खण मोकळा. मस्त गार करतो. त्याच्याकडे बघवत नाही.

उद्या वारा कमी असेल, असं हवामानवाल्यांनी सांगितलंय. मी वाऱ्याच्या भरवशावर आठ माणसं पाठवतोय. नऊ, दहा, अकरा. जास्त. मोजवत नाही.

जर डोलकाठी छपरातून खाली आली तर ती गॅलीत येईल. गॅलीत मी असेन. हे एक त्यातल्या त्यात बरं आहे, असं सकाळी वाटलं. मग आठवलं, वर तारा सुटतील तेव्हा त्या कुणाला बघून सुटणार नाहीत.


१७ तारीख, रविवार

हे गॅलीत खाली बसून लिहितोय. पाठ फ्रिजला, डावा हात जॅकवर, वही मांडीवर. अक्षर वाईट आहे. वर गाणं लागलंय. हात काढायचा नाही अशी आज्ञा आहे.

ते दहाच्या सुमाराला आले. वारा कमी नव्हता. झेंडा ताठ होता आणि आत्या खूश होती. मी शिडीपाशी उभा राहून एकेकाला हात देत होतो. तिचे आई-बाबा, भाऊ, आजी. मग चष्मेवाला. मला वाटलं, आजही सोडायला आला. पण त्याच्यामागे एक बाई होत्या आणि एक गृहस्थ, दोघांची नाकं त्याच्यासारखी. बाईंनी माझा हात धरला आणि वर आल्यावरही सोडला नाही.

"तूच ना आमच्या होणाऱ्या सुनेचा मित्र? फार कौतुक करते तुझं. म्हणते, भांडखोर आहे पण मनाचा साफ."

मी मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं.

दोन्ही घरची. तुला माहितीये? तुला चालेल? एकामागून एक सगळं जागेवर बसत गेलं. चष्मेवाला केकचा खोका छातीशी धरून जिना उतरत होता, आणि ती वरून त्याला सांगत होती, "हळू हं, डोकं सांभाळ." डोकं आपटू नये म्हणून तुळईला हात लावून उभी होती. त्या तुळईला.

इंजिन सुरू झालं. आत्या सुकाणूवरून म्हणाली, "दोर सोड."

आता लिहितो ते खरं लिहितो, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. एक क्षण मला वाटलं, सोडावा. जाऊ दे. मोडू दे. दोर हातात होता, खुंटीवरून एक वेढा काढायचा, बास. मी काहीच करायचं नव्हतं, फक्त सांगितलेलं काम करायचं होतं.

तिची आजी डोलकाठीला पाठ टेकवून बसली होती. चपला काढून शेजारी जोडीनं ठेवल्या होत्या, गुडघे चोळत होती, आणि समोर पाण्याकडे बघून आपल्याशीच हसत होती.

"अरे, दोर," आत्या म्हणाली.

"नाही सोडणार."

"काय?"

"नाही सोडणार. इंजिन बंद कर."

चष्मेवाल्याला सोडून ती माझ्याजवळ आली. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "प्लीज. आज नको. तू म्हणालास तुला माहिती आहे."

"त्याबद्दल नाही हे."

"मग कशाबद्दल? सगळे बघतायत. कॉलेजात केलंस तसं इथे नको करूस."

तिचा भाऊ उठून उभा राहिला. चष्मेवाल्याचे वडील आत्याला विचारत होते, हा मुलगा कोण. आणि मला कळलं की आता मी काहीही बोललो तरी ते तेच ऐकणार. जळतोय म्हणून बोट अडवतोय. खरं सांगायचे सगळे दिवस मी घालवले होते आणि उरलेला हा शेवटचा, यात खरं सांगितलं तरी खोटं वाटणार.

मी दोर खुंटीला आणखी दोन वेढे मारून बांधला. "आत्या, खाली चल," म्हणालो. "आजींना आधी तिथून उठवा."

गॅलीत आम्ही दोघंच. मी हातानंच पत्रा ओढून काढला, त्यात बोट कापलं. आत्यानं बघितलं. काप, चीर, वाकलेली फळी, माझे स्क्रू. तिनं चिरेवरून नख फिरवलं, वरून खालपर्यंत. मी म्हणालो, फ्रिज बसत नव्हता. तिनं माझ्याकडे न बघता पत्रा बाजूला ठेवला. सोमवारी पाठीवर मारलेली थाप ती परत घेतेय असं मला वाटलं.

मग ती वर गेली आणि मी तिचा आवाज ऐकला, पाहुण्यांशी बोलायचा, साखर घातलेला. "मंडळी, आमच्या डोलकाठीचा पाय मुरगळलाय. आज बोट इथेच उभी राहील. जागा तीच, पाणी तेच, फक्त उलटी कुणाला येणार नाही. चालेल ना?" कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी.

मेजरनं तारा सैल केल्या. छपरावरचा भार उतरला, पण तुळई खाली आलेलीच होती. आत्या म्हणाली, खाली टेकू हवा. चष्मेवाला काही न विचारता धक्क्यावर गेला आणि गाडीचा जॅक घेऊन आला. मेजरनं जाड लाकूड कापून दिलं. मग चष्मेवाला आणि मी या वीतभर जागेत आडवे, त्याचं कोपर माझ्या बरगडीत, माझा गुडघा त्याच्या पोटात. तो जॅक फिरवतोय, मी लाकूड सरळ धरतोय, आत्या वरून सांगतेय, अजून, अजून, बास.

त्याचा चष्मा घामानं घसरत होता. तो नाकावर चढवायला दोघांचेही हात मोकळे नव्हते.

टॉर्च कापाजवळ नेऊन तो म्हणाला, "हे आजचं नाही."

"रविवारचं आहे. मागच्या."

"म्हणजे बुधवारी आम्ही आलो तेव्हा होतं."

"हो."

त्यानं टॉर्च बंद केली. मग म्हणाला, "तिला वाटतंय तू आज मुद्दाम केलंस."

"मला माहितीये."

"मी सांगतो तिला." जिना चढताना थांबला. "रागावलोय मी. पण ते वेगळं. हे सांगतो."

बाहेरून मोठी बोट गेली की लाटेनं आमची बोट डुलते आणि लाकूड जॅकवरून सरकायला बघतं. म्हणून कुणीतरी धरून बसायला हवं. आत्यानं माझ्याकडे बघितलं. बास.

तेव्हापासून इथे आहे. माझ्या डोक्यावर लाकडाची एक फळी आणि तिच्यावर त्यांचे पाय. कुणाची पावलं कुठली ते आता ओळखू येतं. आजी सगळ्यांत हळू. मघाशी सगळी पावलं एका जागी आली, टाळ्या वाजल्या, कुणीतरी शिट्टी मारली, मेजरच असणार. नेमक्या त्याच वेळी लाट आली. मी दोन्ही हातांनी धरलं.

ती केक न्यायला आली होती. माझ्या पायांवरून ओलांडून फ्रिज उघडला, खोका काढला. जायला वळली, परत वळली.

"मला वाटलं होतं तू..."

"हो."

"सांगायचं होतंस ना रे आधी."

यातलं कुठलं आधी, ते मी विचारलं नाही. ती गेली. थोड्या वेळानं एक बशी जिन्याच्या पायरीवर ठेवून गेली, माझा हात पोचणार नाही इतक्या लांब. तिच्या ते लक्षात आलं नसावं.

आता गाणं थांबलंय. उतरतायत. आजींचे आभार, आत्याचं या पुन्हा, गाडीची दारं. एक गाडी, दुसरी गाडी. जॅक इथेच राहिला. तो मागायला आला नाही.

मी हाक मारली, "आत्या, सोडू का?"

"नको. थांब तिथेच."

ती खाली आली. चेहऱ्यावरचं पाहुण्यांपुरतं सगळं उतरवून आली होती. पायरीवरची बशी उचलली, फ्रिज उघडला, पाण्याची बाटली काढली आणि गालाला लावून डोळे मिटून उभी राहिली.

"गार मात्र छान करतो," म्हणाली.

मी काहीतरी बोलायला गेलो. तिनं मान हलवली, आज नाही. मग जिन्याला धरून, गुडघ्याला हात देत, सावकाश खाली बसायला लागली. माझ्या शेजारी, जिथे एका माणसाचीही धड जागा नाही तिथे. दोन्ही तळवे लाकडावर ठेवले, माझ्या हाताच्या वर.

"सरक जरा," म्हणाली.